चेरमनसाहेबांची रिपेरी

आमच्याकडं माणूस एकदा चेरमन झाला की मरेपर्यंत चेरमनच राहतो. सोसायटी बुडो, निवडणूक हरो, रस्त्यानं जाताना लोक 'काय चेरमन, कुठं निघालात?' असंच विचारतात. आमचे चेरमनसाहेब तर खुर्चीवर बसलेलेच चेरमन होते. चौसाळ्यापासून आत, मुरमाड रानातल्या एका गावाच्या दूध सोसायटीचे. मी तिथं टेस्टर होतो. दूध आलं की त्याची फॅट काढायची, वास घ्यायचा, आंबलेलं असेल तर परत द्यायचं आणि वर शिव्या खायच्या, एवढं माझं काम. मी परळीचा. औष्णिक केंद्राच्या राखेत लहानाचा मोठा झालेला, त्यामुळं दुधासारखी पांढरी वस्तू रोज हाताळायला मिळते याचंच पहिले काही दिवस अप्रूप होतं. नंतर चेरमनसाहेबांची ओळख झाली आणि अप्रूप वाटायला दुसरं पुष्कळ काही मिळालं.

माणूस उंच, वाळलेला, मिशा अर्ध्या पिकलेल्या. डोक्यावर टोपी, खाली धोतर आणि वर खाकी शर्ट. हा शर्ट त्यांनी शिंप्याकडून मुद्दाम चार खिशांचा शिवून घेतला होता. एका खिशात पक्कड, एकात स्क्रू ड्रायव्हर, एकात तंबाखूची पिशवी. चौथ्या खिशात काय असायचं ते सांगायचं तर आधी त्यांच्या रिपेरीबद्दल सांगावं लागेल.

कुठलंही यंत्र दिसलं की चेरमनसाहेबांना ते उघडावंसं वाटायचं. बिघडलेलंच असलं पाहिजे अशी अट नव्हती. शांतपणे चालू असलेल्या यंत्राकडं ते संशयानं बघायचे आणि म्हणायचे, "आतून कण्हायलंय बघ." मग सतरंजी अंथरून यंत्राचे सगळे अवयव तिच्यावर मांडायचे, रॉकेलनं धुवायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि परत जोडायचे. जोडून झालं की दरवेळी दोन-चार नट, एखादी स्प्रिंग, एखादा वायसर सतरंजीवर उरायचाच. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. चेरमनसाहेब ते सगळं गोळा करून चौथ्या खिशात टाकायचे आणि समाधानानं खिशावर थाप मारायचे. "राखीव निधी," म्हणायचे.

आख्खं आयुष्य सहकारात गेल्यामुळं त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती. इंजिन म्हणजे संचालक मंडळ. जे नट उरले ते बिनकामाचे सभासद, मतदानापुरते आलेले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली तर ठराव एकमतानं मंजूर, नाही झाली तर सभा तहकूब. चौसाळ्याला हायवेवर एक चांगला मिस्त्री होता. सोसायटीचा टेंपो त्याला दाखवावा असं मी एकदा सुचवलं, तर माझ्याकडं त्यांनी मी दुधात पाणी घालताना सापडल्यासारखं बघितलं.

"सभासदांच्या गाडीत बाहेरच्यानं हात घालायचा? खासगीकरण म्हनत्यात बे त्याला."

त्यांच्या घरी फटफटी होती. तिचं तेल संपलं तेव्हा त्यांनी काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, बरणीतलं करडईचं तेल तिच्यात ओतलं. विचारलं तर म्हणाले, "मानसाच्या सांध्याला चालतं, मग गाडीच्या सांध्याला कावून न्हाई?" फटफटी पळाली. चार दिवस पळाली. ती गल्लीतून गेली की घराघरांतून 'कुणाकडं भजी तळायलेत गं?' अशी विचारपूस व्हायची, आणि गावातली कुत्री तिच्यामागं आशेनं धावायची. पाचव्या दिवशी इंजिन जाम झालं. चेरमनसाहेबांनी बरणी हुंगली, एक थेंब जिभेवर ठेवला आणि निकाल दिला की तेल भेसळीचं होतं.

हा त्यांचा खरा स्वभाव. चूक हा शब्द त्यांच्या शब्दकोशात नव्हता. चूक तेलाची व्हायची, वायरीची व्हायची, कंपनीची व्हायची. टेंपोच्या वायरी त्यांनी एकदा नव्यानं जोडल्या, तेव्हापासून ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला. गावात शिरताना पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या खड्ड्यापर्यंत टेंपो कोकलत यायचा. मी हसलो तर म्हणाले, "थांबताना सांगून थांबावं मानसानं. ही सुधारना हाय." आणि खरंच त्यांना ती सुधारणा वाटत होती. त्यांचं हे खोटं नव्हतं, म्हणून त्यांचा राग यायचा नाही. मला तरी आला नाही.

काकूंना मात्र यायचा. त्यांचं शिवणयंत्र चेरमनसाहेबांनी एकदा 'हलकं' करून दिलं, त्यानंतर ते फक्त मागच्या दिशेनं शिवायचं. तेव्हापासून घरात हलणारी-फिरणारी वस्तू आली की ती गोधड्यांच्या ढिगाखाली जायची. मी एकदा ताक प्यायला गेलो होतो तेव्हा काकूंनी गोधड्यांखालून रवी काढली. लाकडी रवी, तिच्यात उघडण्यासारखं काहीच नव्हतं. काकू म्हणाल्या, "सवय लागलीया बाबा."

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, त्या वर्षी झालाच नाही म्हटलं तरी चालेल. ज्वारीच्या दाण्याचं सोडा, ताटंसुद्धा गुडघ्याच्या वर गेली नाहीत. दिवाळीच्या तोंडावरच सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी उघडली. टोळ्या दरवर्षीसारख्या ऊसतोडीला गेल्या, पण त्या वर्षी कधी न जाणारेही गेले. मागं राहिले ते म्हातारे आणि ज्यांची जनावरं दूध देत होती ते. विहिरींना पाणी नव्हतं, शेतात काम नव्हतं. रोज घरात काही येत असेल तर ते सकाळी आमच्या कॅनमध्ये पडणाऱ्या दुधातून येत होतं.

कौसाबाई त्यांतलीच. नवरा मागंच वारलेला, लेक आणि सून कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडायला. ती स्वतः कितीतरी हंगाम त्यांच्याबरोबर कोयता घेऊन गेली होती. त्या वर्षी तिनं नातीला शाळेसाठी मागं ठेवून घेतलं आणि छावणीत आपल्या एका गायीजवळ पाल ठोकून राहिली. मी पहाटे दूध घ्यायला गेलो की मला स्टोव्हवर चहा करून द्यायची. लाकूडफाटा कुठं राहिला होता? छावणीत त्या एका स्टोव्हचा तिला फार अभिमान होता.

"औंदा कोयता खुट्टीला टांगलाय टेस्टर," ती म्हणायची. "गाय दूध देती आन तुमी नेताव, तवर मी हितं. तुमचं बंद झालं की गाय इकायची आन पोरीला घिऊन लेकाच्या उसाच्या फडावरल्या कोपीत जायचं. मग कशाची शाळा? तितं गेली की तिच्या बी हातात कोयता."

हे ती रडगाणं म्हणून सांगत नव्हती. उद्या बाजार आहे असं सांगावं तसं सांगायची.

छावणीत चारा बारीक करायचं कडबाकुट्टीचं यंत्र होतं, म्हणजे चेरमनसाहेबांना घरबसल्या नवीन इंजिन सापडलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोटर उघडली आणि जोडताना तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. मोटर उलटी फिरायला लागली. त्यांनी ऐटीत ताटांची पेंढी आत सारली, यंत्रानं ती तितक्याच ऐटीत त्यांच्या पोटावर परत टाकली. त्यांनी पुन्हा सारली, त्यानं पुन्हा टाकली. छावणीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कित्येक दिवसांनी तिथं कुणी हसत होतं. चेरमनसाहेब धोतरावरचा भुसा झटकत म्हणाले, "ठराव फेटाळला त्यानं. फेरसादर करू."

पण टेंपोचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. आमचं दूध टेंपोनं बीडच्या शीतकरण केंद्रावर जायचं, टेंपो चेरमनसाहेबच चालवायचे आणि कॅन मोजून द्यायला मी शेजारी. त्या हंगामात दोनदा टेंपो वाटेत बसला, दोनदा दूध उन्हात नासलं. केंद्रावरचे साहेब तापट होते, पण वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, "दुष्काळात मी गावोगावचे दुधाचे मार्ग कसेबसे चालू ठेवतोय. आता तुमचं दूध नासकं आलं, की तुमचा मार्ग बंद, तुमच्या गावाचं दूध घेणं थांबलं. मला वरून तसंच सांगितलंय."

परत येताना चेरमनसाहेब गंभीर होते. मला वाटलं आता तरी मिस्त्रीकडं जातील. ते म्हणाले, "ह्याचा अर्थ, सखोल रिपेरी पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारभर त्यांनी रेडिएटर धुतला. संध्याकाळी पाणी भरलं तर खालच्या बाजूनं थेंब थेंब गळायला लागलं. रेडिएटरच्या बुडाला पाणी काढून टाकायचं एक भोक असतं, त्याला नट असतो. त्या भोकात त्यांनी सतरंजीवरचा दुसराच कुठला तरी बोल्ट पिळून बसवला होता. गळती थांबेना म्हणून भोवती चिंधी गुंडाळली आणि वरून कपडे धुवायचा साबण लिंपला. सकाळी बघितलं तर थेंब थांबलेला. आम्ही कॅन भरले, कौसाबाईनं आपलं भांडं माझ्या हातात दिलं, मी वास घेतला, फॅट बघितली. त्या दिवशीचं दूध उत्तम होतं. माझ्या नोकरीत फार थोडे दिवस सगळं दूध इतकं चांगलं आलं असेल. आम्ही निघालो.

मांजरसुंब्याच्या अलीकडच्या चढावर टेंपो धापा टाकायला लागला. मग समोरच्या जाळीतून पांढरे बुडबुडे आले, एक, दोन, मग ढीगच. इंजिन तापल्यावर साबण विरघळला होता आणि पाण्याबरोबर बाहेर पडत होता. तोंडाला फेस येणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकलो होतो, त्या दिवशी टेंपोनं तो करून दाखवला.

चेरमनसाहेब खाली वाकले. बोल्ट गळून पडला होता, भोक उघडं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि चौथ्या खिशात हात घातला. तिथल्या खुर्द्यातून एक-एक नट लावून बघितला. तिसरा की चौथा बरोब्बर बसला, पिळून घट्ट झाला. तो अर्थातच रेडिएटरचा स्वतःचा नट होता.

"बघ," त्यांनी माझ्याकडं विजयानं बघितलं. "राखीव निधी अडचनीला येतो का न्हाई?"

मी कपाळाला हात लावला.

आता फक्त पाणी हवं होतं. रस्त्याच्या कडेला एक वस्ती होती. तिथं घागरींची रांग लावून बाया टँकरची वाट बघत बसल्या होत्या. टँकर आदल्या दिवशीही आला नव्हता. आम्हाला बघून एक म्हातारी उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. माठाच्या बुडाला तांब्या खरवडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. "प्या बाबांनो, उनाचं आलाव," म्हणाली. चेरमनसाहेब दोन घोट प्याले, दोन घोट मला दिले आणि उरलेलं पाणी तांब्यासकट तिला परत केलं. गाडीला पाणी पाहिजे हे त्यांनी तोंडातून काढलं नाही.

टेंपोजवळ आल्यावर मी म्हणालो, "चेरमनसाहेब, विचारून तरी बघायचं. बादलीभर मिळालं असतं एखादवेळी."

"मिळालं असतं," ते म्हणाले. "न्हाई म्हनली नसती ती. म्हनून इचारलं न्हाई. ते पानी मानसाचं हाय बे."

ऊन चढत होतं. मागं कॅन तापत होते. मी एका कॅनला हात लावून बघितला, तो कोमट झाला होता. चेरमनसाहेब मागच्या बाजूला गेले, कॅन सरकवत सरकवत एक बाहेर काढला. तो त्यांच्या स्वतःच्या म्हशीच्या दुधाचा होता, झाकणावर काकूंनी तांबडा दोरा बांधलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि दूध ओतायला सुरुवात केली.

"दुधात पानीच असतं सगळं. तूच सांगतोस की रोज लोकास्नी," ते म्हणाले.

टेंपो सुरू झाला. मी दुधाच्या धंद्यातला माणूस, गंजक्या, साबणाळलेल्या, तापलेल्या डब्यात दूध ओतलं की काय होणार हे मला कळत होतं. पण टेंपो पुढं चालला होता आणि त्या घडीला मला तेवढंच हवं होतं. आधी बासुंदीचा वास आला. मग खव्याचा. मग जळक्या खव्याचा. घाट उतरताना ब्रेकबरोबर हॉर्न वाजत राहिला, आणि आम्ही वाफ सोडत, कोकलत, गोड वास पसरत बीडमध्ये शिरलो. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते.

केंद्राच्या फाटकातून आत गेलो आणि साहेब समोर आले. त्याच क्षणी रेडिएटरचं झाकण उडालं. पांढऱ्या-पिवळ्या चोथ्याचं कारंजं वर गेलं आणि साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर, चष्म्यावर, डोक्यावर पडलं. त्यांनी चष्मा काढला. खांद्यावरचा एक गठ्ठा बोटांनी उचलला, हुंगला.

"हे दूध आहे," ते म्हणाले. आवाज फारच शांत होता. "नासकं दूध आहे. कॅन उतरवू नका. तुमचा मार्ग बंद."

मी पुढं झालो. "साहेब, कॅनमधलं दूध चांगलं आहे. काचेच्या नळीत थोडं तापवून बघा, दूध फुटणार नाही."

"नळी कशाला? एवढी मोठी नळी माझ्या अंगावर फुटली की. तापवलं आणि फुटलं. तुमच्याच सोसायटीचं ना ते दूध?"

दूध आमच्याच सोसायटीचं होतं आणि तापवल्यावर फुटलंही होतं. माझ्या डोळ्यांसमोर कौसाबाईचं भांडं आलं. गाय बाजाराला निघालेली दिसली. मी चेरमनसाहेबांकडं बघितलं. आता ते साबणाला दोष देतील, नाहीतर घाटाला, असं मला वाटलं. मी मनात म्हणत होतो, काहीही म्हणा, पण म्हशीच्या दुधाला नावं ठेवू नका.

त्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. केंद्रावरचे हमाल, दुसऱ्या सोसायट्यांचे ड्रायव्हर असे पुष्कळ लोक भोवती जमले होते.

"साहेब, दुधाला बट्टा लावू नका," ते म्हणाले. "ते दूध बायांनी छावणीत बसून काढलंय. त्यात काई खोट न्हाई. खोट माझ्यात हाय. नट मी इसरलो. साबन मी लावला. दूध बी मीच वतलं. मागचे दोन टाइम गाडी बसली, ती बी माझ्याच हातानं." त्यांनी हातातल्या टोपीची घडी केली. "मला यंत्रातलं काई कळत न्हाई."

कुणीतरी मागं हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "आणा नमुने." एकेका कॅनचं दूध नळीत घेऊन तापवलं. एकाही नळीतलं दूध फुटलं नाही. कॅन उतरले.

"दूध घेतो," साहेब म्हणाले, "पण एका अटीवर. त्या गाडीला परत तुमचा हात लागलेला मला दिसता कामा नये."

"सोसायटीच्या कुठल्याच यंत्राला लावनार न्हाई," चेरमनसाहेब म्हणाले. "ठराव करतो." आणि त्यांनी टोपी घातली.

टेंपो ओढत चौसाळ्याला नेला. मिस्त्रीनं रेडिएटर उघडून आतला चोथा खरवडून काढला, हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. जाता जाता ब्रेकचा हॉर्नही सरळ केला. दूध वेळेवर जायला लागलं. मार्ग बंद झाला नाही.

चेरमनसाहेबांनी शब्द पाळला. दूध मोजताना हजर असायचे, छावणीत फेरी मारायचे, पण कुट्टीयंत्राजवळून जाताना हात पाठीमागं बांधलेले. यंत्र कण्हलं तरी मान वळवायचे नाहीत. एकदा ते खरंच अडकलं तेव्हा सगळे मिस्त्रीची वाट बघत बसले आणि चेरमनसाहेब लांब जाऊन दगडावर तंबाखू मळत राहिले, मळून झाली तरी मळतच राहिले. मला फार वाईट वाटलं. त्या माणसानं भर लोकांत आपलं सगळ्यात आवडतं काहीतरी आमच्या दुधासाठी देऊन टाकलं होतं आणि आम्ही ते घेतलं होतं.

केंद्रावर काय झालं ते कौसाबाईला मीच सांगितलं, सकाळचा चहा पिताना. तिनं ऐकून घेतलं. कपबशी विसळायला घेतली.

थोड्या वेळानं चेरमनसाहेब फेरीला आले, तेव्हा ती स्टोव्ह हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"चेरमन, जरा बघताव का? कालपस्नं पेटंना झालाय."

चेरमनसाहेबांनी हात मागं घेतले. "मी न्हाई बघत आता. मिस्त्रीला दाव."

"त्यो सोसायटीच्या यंत्राचा ठराव हाय म्हनं. ह्यो इस्टो सोसायटीचा हाय का? माजा हाय."

त्यांचे मागं घेतलेले हात हळूहळू पुढं आले, त्यांनी स्टोव्ह घेतला. मग खाली बसले, तो कानाजवळ धरून हलवला. "आतून कण्हायलाय," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता पक्कड मागितली, कारण त्यांच्या खिशात ती आता नसायची. मी धावत जाऊन टेंपोतली आणली. त्यांनी धोतराचा सोगा जमिनीवर पसरला आणि बर्नर सोडवायला घेतला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते, पंपाला रागवत होते, पिनेला समजावत होते. कौसाबाई शेजारी बसून "हां, असंच वाटलतं मला बी" असं म्हणत होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं नजर चुकवली.

माझ्या तोंडात अजून त्याच स्टोव्हवरच्या चहाची चव होती.

तो स्टोव्ह त्या दिवसानंतर परत कधी पेटला नाही. कौसाबाईनं पालामागं तीन दगड मांडून चूल केली, काटक्या गोळा करायला रानोमाळ हिंडली, आणि चेरमन विचारायचे तेव्हा दरवेळी सांगितलं की लई झ्याक चालतोय.